दोन चौकोनांत क्षमा

फोनवरच्या माइकच्या इवल्याशा चिन्हावर लाल तिरकी रेघ होती... म्हणजे गेली तीन मिनिटं ती तिथेच होती, आणि ती तीन मिनिटं क्षमा टेबलाशी बसून लॅपटॉपकडे बघत बोलत होती. लॅपटॉपचा माइक महिन्यापूर्वी गेला, म्हणून चेहरा आणि आलेख लॅपटॉपवर, आवाज फोनवर. आणि कोरगावच्या या घरात रेंज फक्त जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फळीवर, म्हणून फोन चार हात लांब आणि लॅपटॉप त्याच्याच हॉटस्पॉटवर. मीटिंगमध्ये ती दोनदा दिसत होती — एका चौकोनात चेहरा, दुसऱ्यात नुसतं नाव. बोलण्याआधी तिनं माइकचं बटण दाबलं होतं, पण चेहऱ्याच्या चौकोनातलं, लॅपटॉपवरचं. प्रयोगशाळेत दोन बाटल्यांवर एकच लेबल लावणाऱ्याला ती काय काय बोलली असती!

प्रयोगशाळेचे प्रमुख तुषारसर पुढच्या मुद्द्यावर गेलेसुद्धा. डिचोलीकडच्या एका बंद खाणीखालच्या सहा विहिरी, मँगनीज मर्यादेच्या तिप्पट, 'नमुने संशयास्पद' म्हणून अहवालातून गळणार होत्या. "क्षमाची हरकत दिसत नाही," ते म्हणाले. दिसत नाही... ओठ हलताना तरी दिसले असतील ना? फेब्रुवारीत ती स्वतः गेली होती, कळशा घेऊन ताटकळलेल्या बायकांसमोर प्रत्येक बाटली दोनदा विसळून तिसऱ्यांदा भरली होती. चूक कुठल्या टप्प्यावर झाली, दाखवा — हे सगळं तिनं सांगितलं होतं, आणि शेवटी विचारलं होतं, या विहिरी तुम्ही कोणासाठी गाळताय?

"कोणाक गो इतक्या सांगतंस?" सासूबाई, सुशीला, काजूच्या बियांची परात घेऊन दारात उभ्या. "माका वाटला, भांडाण झाला."

"कोणाकच नाय, आई. आवाज बंद होतो."

"मग इतक्या आरडलंस ता फुकट? माका मात्र सगळा ऐकाक इला हां."

क्षमा उठली, जनेलाशी जाऊन माइकवरची लाल रेघ घालवली. "सर, एक मिनिट."

...एक मिनिट, लॅपटॉपनं मागून तिच्याच आवाजात म्हटलं.

"बोल क्षमा. घुमतंय तुझ्याकडे. आणि इथे नुसती खुर्ची दिसतेय." कोणीतरी हसलं.

तिनं लॅपटॉपचा आवाज बंद केला, परत फोनपाशी आली. आता सगळे थांबले होते.

"सहा विहिरी," ती म्हणाली. पुढची वाक्यं तयार होती, मघाचीच, त्याच क्रमानं. फक्त शेवटच्या प्रश्नापाशी जीभ जाईना. आणि तेव्हा तिला समजलं, की मघापासूनचा हा राग फोनवर नव्हता, स्वतःवर होता. ती रेघ दिसली त्या क्षणी, चिडण्याच्याही आधी, अगदी थोडा वेळ, तो प्रश्न कोणी ऐकलाच नाही म्हणून तिला हायसं वाटलं होतं.

"हं, सहा विहिरी," सर म्हणाले. "पुढे?"