पहिल्या पाळीच्या बसमधलं कोडं

आमच्या कंपनीच्या बसमध्ये कुणाला साधं सरळ काही विचारायची सोय राहिली नाय. "डबा आणला का?" म्हणून विचारा, पुढून शेर येतो. "तब्येत कशी?" म्हणा, शेर. माणसं वाळूजला पत्रे दाबायला चाललीत का मुशायऱ्याला, हेच कळत नाय. आणि ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे सांडूचा पेपर.

पहिल्या पाळीची बस औरंगपुऱ्यात भरते. सांडू दाराजवळच्या सीटवर बसतो आणि पेपरातलं शब्दकोडं मोठ्यानं वाचायला लागतो. आडवे, उभे, सगळे. बाकीचे डोळे चोळत उत्तरं देतात. नगर नाका आला की कोडं बंद. मग सुटलेल्या शब्दांतले तीन शब्द सांडू उचलतो, आणि ज्या दोघांना खुमखुमी असेल त्यांनी ते तिन्ही शब्द घालून दोन-दोन ओळींचा शेर करायचा, कंपनीचं गेट यायच्या आत. ज्याला वाहवा जास्त तो जिंकला. हरलेल्यानं जिंकलेल्याचा एक हुकूम मानायचा. हुकूम काय पण असो, मोडायचा नाय. कुणी आजपर्यंत मोडलेला नाय.

ह्या रिकामटेकड्या धंद्याचा उस्ताद म्हणजे गयास. प्रेस शॉपला माझ्या शेजारच्या मशिनीवर असतो, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी गयासभाई म्हणतो. एकदा वांगं, दरोगा आणि चांदणं असे शब्द आले. ह्यानं क्षणभर खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणाला:

चांदण्यात पळाला वांगं घेऊन दरोगा आपल्या घरी,
बायको म्हणाली, भरीत तुम्हीच करा, मी थापते भाकरी.

ड्रायव्हर इतका हसला की बस छावणीत एका हातगाडीला घासता घासता राहिली. असा हा उस्ताद. हरतोही इमानानं. एकदा सांडूकडून हरला तर सांडूनं हुकूम सोडला, पिशोरच्या बाजारातून मिरच्या आणून दे. मिरच्या काय औरंगपुऱ्यात मिळत नाहीत? पण हा माणूस सुट्टीच्या दिवशी खरंच पिशोरला जाऊन आला. कोपरापासून हात जोडावेत अशी माणसं आहेत.

मला ह्यातलं काही जमत नाय आणि जमवायचंही नव्हतं. घरची म्हणते, नाव कडूबा, बोलणंही कडू. असू दे. पण माझ्या डोक्याला ताप झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. गयासला दिसत नव्हतं.

बसमध्ये कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. कोडं सांडू वाचतो, ह्याचं सगळं काम कानांवर. पण मशिनीवर मी शेजारी असतो ना. माप घ्यायचं झालं की हा गेज माझ्यापुढं धरायचा, "बघ रे, किती दाखवतंय." पत्र्याची कड जागेवर बसली का, हे बघायच्या ऐवजी बोटानं चाचपायचा. आणि बोट घालायचा कुठं, तर वरून प्रेस खाली येते तिथं. एका दिवशी त्याच्या हातमोज्याचं टोक गेलं. नुसतं मोज्याचंच, बोट वाचलं. त्यानं गुपचूप दुसरा मोजा चढवला आणि कुणी बघितलं का म्हणून इकडं-तिकडं मान फिरवली. मी दोन हातांवर होतो, मी त्याला दिसलो नाय. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत गेला.

सुपरवायझरला सांगावं, तर तो ह्याला मशिनीवरून काढून घरी बसवणार. भरल्या ताटावरून माणसाला उठवायचं पाप कोण घेणार? म्हणून आधी ह्यालाच समजावलं. गयासभाई, मोतीबिंदू असंल, हल्ली ऑपरेशन म्हणजे काहीच नाय, सकाळी गेलं की संध्याकाळी घरी. हा हसायचा आणि विषय बदलायचा. त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला, रईसाभाभींना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, भाऊ, मी वर्षापासून मागं लागलेय, मलापण शेरच ऐकवतात.

शेवटी एकदा बसमध्येच, सगळ्यांदेखत विचारलं की डोळे कधी दाखवणार. वाटलं, चारचौघांत लाजेल. त्या दिवशीचे शब्द होते कापूस, मामा आणि हंडी. ह्यानं काय करावं?

डोळ्यात माझ्या कापूस पिकला, मामा म्हणे तू वेच,
आधी हंडी उतरू दे मामा, मग सोडवू हा पेच.

अख्खी बस वाह वाह करून उठली. अरे, माणूस सांगतोय की डोळ्यापुढं पांढरं झालंय, मला दिसत नाय, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय? सांडूनं तर तो शेर दोनदा म्हणायला लावला. माझं टाळकं सटकलं. मी उरलेल्या वाटेत कुणाशी बोललो नाय, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाय.

मग माझ्या डोक्यात आलं. हा कुणाचं ऐकत नाय, पण हुकूम मोडत नाय. म्हणजे ह्याला एकदा शेरात हरवायचं, आणि हुकूम द्यायचा, चल दवाखान्यात. झालं. मी, कडूबा, शेर करायला बसलो. चुलीपुढं बसून, आंघोळ करताना, जेवताना यमकं जुळवत होतो. घरची म्हणाली, ह्या वयात हे काय लागलं तुम्हाला? मी म्हणालो, गप बस, एका माणसाच्या बोटांचा प्रश्न आहे.

सोमवारी मी बसमध्ये हात वर केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सांडूनं शब्द दिले: पिठलं, लगाम, नवरदेव. आता ह्या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? घाम फुटला. गेटाच्या अलीकडं कसंबसं जुळलं ते बोलून टाकलं:

पिठलं खाल्लं, लगाम दिला, नवरदेव केलं तुला,
दवाखान्यात जाऊन ये रे, गयास माझ्या मुला.

बस हसून लोटपोट. मुला म्हणे! सांडूच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गयास? त्यानं घसा खाकरला:

पिठलं खाऊन घोडा झोपला, लगाम टांगला दारी,
नवरदेव मग पाठीवर घेऊन निघाला त्याची स्वारी.

संपलं. वाहवा कुणाला, हे विचारायलाच नको. एवढी यमकं जुळवली ती पाण्यात. आता हा आत जाणार, पेडलवर पाय ठेवणार आणि बोट आत घालणार. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

गेटावर सगळे उतरले तरी गयास हुकूम सांगेना. शेवटी आम्ही दोघंच राहिलो. त्यानं पायानं पायरी चाचपली, माझी बाही धरली आणि खाली उतरला.

"हुकूम ऐक," तो हळू म्हणाला. "माझ्यासंगं डोळ्याच्या दवाखान्यात चल. आत्ताच. आत गेलो तर परत हिंमत व्हायची नाय."

मी त्याला गेटाच्या बाजूला घेतलं.

"अब्बांचा डोळा शिबिरात कापला तेव्हा मी जवळ होतो," तो म्हणाला. "पट्टी सोडली तर मला विचारतात, गयास, दिवा का लावला नाही? भर दुपार होती, कडूबा. मला एकट्याला जायला भ्या वाटतं."

मला इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू. म्हणालो, अरे, मग एवढे दिवस हे सरळ तोंडानं सांगायला काय झालं होतं? मी काय परका होतो?

"सरळ विचारलं असतं आणि तू नाय म्हणाला असतास तर?" तो म्हणाला. "हुकमाला नाय म्हणता येत नाय."

मी त्याला तिथंच, आत जाणाऱ्या सगळ्या पाळीदेखत, तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. मग गेटावर दोघांची रजा सांगितली आणि शहराकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावरही त्यानं माझी बाही सोडली नाय.