पाट्यावरची कुंकवाची रेघ

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुमच्या पाठीच्या कण्यात एक बारीक चीर गेली आहे. ती फक्त तुम्हांलाच ठाऊक आहे. समोर लोक तुम्हांला हार घालत आहेत, उद्या तुमच्या पाठीवर लहान मुलं बसणार आहेत, आणि तुम्हांला तोंड नाही. जमलं का? मग आता माझं ऐका.

मी लासूर स्टेशनचा एक जुना ट्रक आहे. माझं नाक लांब, पुढं आलेलं आहे. हल्लीच्या सपाट तोंडाच्या गाड्यांत तुम्ही मला लगेच ओळखाल. बन्सीआबांच्या वडिलांनी मला विकत घेतलं तेव्हा आबांना नुकतं मिसरूड फुटत होतं. पुढं तेच माझे चालक झाले. मी बाजारातून कापूस नेला, बाजरी नेली, एकदा तर पैठणला अख्खं वऱ्हाड नेलं. चढावर आबा माझ्याशी बोलायचे. उतारावर गाणं म्हणायचे.

हे सगळं ओझं पेलायचे ते माझे पाटे. मागच्या चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकीखाली एक बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. सर्वांत लांब पाटा सगळ्यांत वर. त्याची दोन्ही टोकं माझ्या सांगाड्याला अडकवलेली. माल भरला की पाटे दबतात, उतरला की पुन्हा कमान धरतात. खड्डा चाकाला बसतो, माणसाला बसत नाही, ते त्यांच्यामुळं.

पुढं नव्या गाड्या आल्या. मला गोठ्यामागं उभं केलं. कोंबड्या माझ्या हौद्यात अंडी घालू लागल्या. पाट्यांमध्ये पाणी मुरलं, गंज फुगला, आणि मी एका कुशीवर कललो. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही.

मग आबांचा मुलगा इंद्रजीत, जो शहरात कंपनीत नोकरी करतो, त्यानं मला पुन्हा चालतं करायचं ठरवलं. आपल्या मुलीला, राजनंदिनीला, त्यानं शब्द दिला होता की दसऱ्याला गल्लीतली सगळी पोरं माझ्या हौद्यात बसून शिवेवर सोनं लुटायला जातील. तिचा धाकटा भाऊ शिवराज सगळ्यांत पुढं उभा राहणार, हेही ठरलं होतं.

इंजिन सुरू झालं. राहिले मागचे पाटे. त्यासाठी उस्मानपुऱ्यातून सुदर्शन मिस्त्री आले. त्यांनी मला लाकडी ठोकळ्यांवर उचललं, गंजलेले बोल्ट तापवून सोडवले आणि पाटे एकेक करून अंगणात मांडले. राजनंदिनी तारेच्या ब्रशनं गंज खरवडत बसली. तुटके पाटे बदलले. दबून बसलेल्या पाट्यांची कमान भट्टीवर पुन्हा भरून आणली. वरचा लांब पाटाही नवा घालू, असं मिस्त्री म्हणाले, पण आबा आडवे आले.

"त्यो माझ्या बापाच्या हातचा हाय. समदं बदललं तर गाडी कुणाची म्हणायची?"

मिस्त्रींनी वाद घातला नाही. "मग रॉकेल लावून रातभर ठेवतो. सकाळी पुसून खडू फासायचा. चीर असली तर ओली रेघ उमटती."

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुजतात, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. वर्षभर राबतात, त्यांचा तो विसावा. त्यामुळं इंद्रजीतला सगळं संध्याकाळच्या आत जोडून, रंगवून हवं होतं. ट्रक ठोकळ्यांवर कसा पुजायचा? रॉकेल लावायचं राहूनच गेलं. पाटे चढले, काळा रंग चढला. गल्लीतून एक चक्कर झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्याच चकरेत माझ्या वरच्या पाट्यात, पुढच्या टोकाजवळ, काहीतरी कटकन उसवल्याचं जाणलं.

नवमीला सकाळी लाकडी पाटावर बोल्ट खोलायचे पाने, हातोडा, जॅक मांडले. त्यांवर झेंडूची फुलं वाहिली. माझ्या नाकावर हार आला. राजनंदिनीला पाट्यांना कुंकू लावायचं काम मिळालं. ती चाकापाशी वाकली. कुंकू जरा जास्तच पातळ झालं होतं, ओघळलं. तिनं फडक्यानं पुसलं. काळा रंग स्वच्छ झाला, पण एक केसाएवढी लाल रेघ तशीच राहिली. तिनं पुन्हा पुसलं. रेघ तिथंच.

"आबा, ही जात नाय. मिस्त्रीकाका म्हणले होते तशीच हाय."

आबांचे गुडघे वाकत नाहीत. ते वरूनच हसले. "झाली का पोरगी मिस्त्री?"

इंद्रजीतनं वाकून पाहिलं, नखानं खरवडलं. रंगाचा ओरखडा असेल, म्हणाला, मिस्त्रींना उद्या विचारू. राजनंदिनी म्हणाली, उद्या तर आपण जाणार. मग आत्ताच खोलून बघा.

आबांचा चेहरा उतरला. "आज पान्याला हात लावायचा नाय, बाळ. माझ्या बापानं कधी लावला नाय."

शिवराज माझ्या हौद्यात चढून उद्याची जागा धरून पाहत होता. फळकुटावर त्याचे पाय आपटत होते, आणि प्रत्येक आपटीचा ठोका माझ्या त्या चिरेपर्यंत पोचत होता.

मित्रांनो, हार घातलेला मला आवडतो. कुणाला आवडत नाही? पण जुन्या वस्तूवर माया असेल तर आधी तिचं दुखणं शोधा, मग रंग द्या. आम्हांला एवढंच हवं असतं. ते सांगता आलं असतं तर मी त्या सकाळी ओरडलो असतो.

राजनंदिनीनं हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवली. पाटाजवळ गेली, वाकून नमस्कार केला, आणि सगळ्यांत मोठा पाना दोन्ही हातांनी उचलला. त्यावरचं झेंडूचं फूल घरंगळत आबांच्या पायाशी आलं. ती माझ्या चाकाजवळ येऊन मातीत बसली, पाना बोल्टावर बसवला, आणि साऱ्या अंगाचा भार देऊन त्याला लोंबकळली. बोल्ट हलला नाही. तिनं पाना सोडला नाही.