डाव्या हाताचा चाप

फुलचूरच्या रहांगडाल्यांच्या घरी तो हँडहेल्ड आला तेव्हा सुनेनं त्याला हात लावावा असं कुणाच्या मनातही नव्हतं. प्रफुलनं, म्हणजे पुष्पांजलीच्या नवऱ्यानं, तो स्वतःसाठी हौसेनं घेतला होता. दोन्ही हातांत आडवा धरून त्यावर व्हिडिओ गेम खेळायचा; मध्ये पडदा, दोन बाजूंना अंगठ्यानं फिरवायच्या बुटक्या स्टिक, वरच्या कडेला बोटांखाली दोन चाप. प्रफुलची रायपूरच्या पोलाद कारखान्यात ड्यूटी बदलली, खेळायला वेळ उरला नाही, आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येणाऱ्या माणसाची वस्तू घरीच राहिली. ती त्याच्या धाकट्या भावानं, भुपेंद्रनं, ताब्यात घेतली.

भुपेंद्रची पाच जणांची टोळी होती. दर रविवारी संध्याकाळी गोळीबाराच्या गेमचा पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन सामना चाले. पोलीस भरतीतून दोनदा परत आलेला भुपेंद्र दिवसा बसस्टँडजवळ मोबाइलचे कव्हर आणि काचा विकायचा; पण रविवारी कानाला माइक लावून बसला की त्याच्या आवाजात ठाणेदार उतरायचा.

एका रविवारी त्यांच्यातला लीलाधर नागऱ्याला लग्नाला गेला. माणूस कमी पडला. भुपेंद्र लीलाधरच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला आणि जाता जाता त्यानं हँडहेल्ड वहिनीच्या मांडीवर टाकला.

"वैनी, फक्त उभ्या राहा. काई करू नोका."

पुष्पांजली पडद्यावर नुसती उभी राहिली. पण समोरून गोळ्या येऊ लागल्यावर नुसतं उभं कोण राहील? तिनं चाप ओढला तो उजवा, आणि नेम धरायला अंगठा धावला तो डावा. डाव्या स्टिकनं नेम हलत नव्हता, माणूस चालत होता. ती भिंतीला जाऊन धडकली, वळली आणि आपल्याच माणसाच्या पाठीत गोळ्या घातल्या. माइकवर पोरं हसली. भुपेंद्र हसला नाही.

"माणूस नाई भेटला म्हणून घरातली डेबरी बसवली भाऊ. माफ करा."

डेबरी म्हणजे डावखुरी. हा शब्द तिला नवा नव्हता. नवी नवरी म्हणून पाहुण्यांच्या पंगतीत तिनं डाव्या हातानं वरण वाढलं तेव्हा सासूनं, धुरपताबाईनं, सगळ्यांसमोर तिच्या हातातला डाव काढून घेतला होता, आणि तेव्हाही मागून हाच शब्द आला होता. तेव्हा ती वाढणं सोडून आत गेली होती. आताही तिनं हँडहेल्ड बाजूला ठेवला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून, भुपेंद्र दुकानात गेल्यावर, तिनं हँडहेल्ड काढला आणि सेटिंगच्या आत शिरली.

आत शिरल्यावर तिला कळलं की कोणत्या बटणानं काय व्हावं हे यंत्रानं ठरवलेलं नसतं, ते माणसाला बदलता येतं. तिनं आधी दोन्ही स्टिकची अदलाबदल केली. नेम डावीकडे, चाल उजवीकडे. गेममधल्या सरावाच्या मैदानावर लाकडी पुतळे उभे असतात, तिथं गेली. नेम लागत होता, पण चाप अजून उजवीकडेच होता आणि त्या बोटाला ओढायचं कधी ते कळत नव्हतं. मग चाप डावीकडे आणला. मग उडी मारायचं बटण उजव्या अंगठ्याखाली अडकून बसलं. उडी मारायची तर चालणं सोडावं लागे. ते तिनं मागच्या बाजूच्या बटणावर टाकलं, उजव्या हाताची मधली बोटं नुसती टेकलेली असतात तिथं. खाली बसणं त्याच्याशेजारी. मग नेम फार सैल वाटला, थोडा जड केला. फार जड झाला, परत सैल केला.

धुरपताबाई बाजेवर तांदूळ निवडत होती. "कपडे वाळून कडक झाले वर," ती म्हणाली.

"आणते."

"केव्हा?"

समोरचा पुतळा पडला, त्याच्या बाजूचा पडला, त्याच्यामागचाही पडला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डाव्या हाताला कुणी "तो नको, दुसरा हात" म्हटलं नव्हतं. तिनं सेटिंगला नाव दिलं, पुष्पा, आणि जतन केली. मग कपडे आणायला गेली.

पंधरा-वीस दुपारी ती अनोळखी लोकांबरोबर खेळली. कधी हरली, बहुतेक जिंकली. घरात कुणाला त्याचं काही नव्हतं. मग एका संध्याकाळी भुपेंद्रनं घाईत हँडहेल्ड उचलला, गेम चालू केला, आणि चाप ओढला तर त्याचा माणूस खाली बसला. त्यानं सेटिंग उघडून पाहिली. त्याच्या "भूप" नावाखाली "पुष्पा" नाव होतं आणि तेच चालू राहून गेलं होतं.

दुसऱ्या दुपारी तिनं पाहिलं तर तिचं नाव नव्हतं.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं, "भाऊजी, माझी सेटिंग तुमी मिटवली का?"

"हो."

"काऊन?"

"ते सेटिंग नोती. येडेपण होतं." त्यानं भात कालवला. "दादाची वस्तू आहे. सरळ वापराची असन तर वापरा."

तिनं परत बसवली. एकदा केलेलं काम असल्यामुळे दुसऱ्यांदा लवकर झालं. त्यानं परत मिटवली. तिसऱ्यांदा मिटवली तेव्हा तो तिच्या देखतच, दारात उभा राहून, तिच्याकडे बघत बघत बटण दाबत होता. तिनं रायपूरला फोन लावला.

प्रफुलनं ऐकून घेतलं. मागं कारखान्याचा भोंगा वाजत होता. "त्याले नोकरी नाई, धंदा धड नाई. तेवढाच एक विरंगुळा आहे त्याले," तो म्हणाला. "तू मोठी आहेस. सोडून दे न."

"मी काय सोडून देऊ? मी तर त्याच्या सेटिंगले हात नाई लावला."

"पुष्पा, एवढ्याशासाठी ड्यूटीवर फोन करतेस?"

तिनं फोन ठेवला. आणि तिच्या मनात एक गोष्ट आली ती इतकी सोपी होती की तिला आपलंच नवल वाटलं. त्याच्या सेटिंगला हात लावला नव्हता हे खरं. मग आता लावावा.

शनिवारी तिनं "भूप" उघडली. काहीही मिटवलं नाही. सगळी बटणं होती तिथंच ठेवली. फक्त नेमाची एक ओळ बदलली: स्टिक वर केली की नेम खाली जाईल, खाली केली की वर. वरून पाहिलं तर काही कळू नये. हँडहेल्ड पुसून जागेवर ठेवला आणि त्या रात्री तिला छान झोप लागली. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे का, असं तिनं स्वतःला विचारलं होतं. काही सापडलं नाही.

रविवारी भुपेंद्र हँडहेल्ड घेऊन लीलाधरकडे गेला. त्या दिवशी बालाघाटच्या एका टोळीशी सामना होता आणि पोरांचे चुलतभाऊ, मित्र बघायला जमले होते. काय झालं ते पुष्पांजलीनं पाहिलं नाही. पण तो परतला तेव्हा दिवेलागण व्हायची होती आणि त्याची मान लाल झाली होती.

ती अंगणात तुळशीजवळचा पाचोळा झाडत होती.

"तू केलंस," तो म्हणाला. वैनी नाही, तुमी नाही.

"काय?"

"आभाळात गोळ्या झाडल्या मी. सगळ्यायच्या समोर. लीलाधर म्हणे दारू पिऊन आला का."

"सेटिंग पाहून घ्यायची होती," पुष्पांजली म्हणाली. "दादाची वस्तू आहे."

त्यानं हँडहेल्ड पुढं केला. "सरळ कर. आत्ता. माझ्या समोर."

तिनं झाडू ठेवला, पदराला हात पुसले आणि हँडहेल्ड घेतला. पण सेटिंग उघडल्यावर तिनं त्याची ओळ सरळ केली नाही. ती "पुष्पा" नव्यानं भरू लागली. नेम डावीकडे, चाल उजवीकडे. तो बघत राहिला. त्याला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तसा त्यानं हात घातला.

तिनं सोडला नाही. त्यानं उजवी बाजू धरली होती, तिनं डावी. धुरपताबाई ओसरीवरून ओरडली, "ए, सोडा रे, सोड व!" पण कुणी सोडलं नाही. त्यानं हिसका दिला तेव्हा पुष्पांजलीचा अंगठा डाव्या स्टिकवर घट्ट दाबलेला होता. आपण अंगठा उचलला तर वस्तू वाचेल, हे तिला त्या क्षणी नीट कळलं होतं. तिनं उचलला नाही. काडकन आवाज झाला. स्टिकची टोपी तुटून पाचोळ्यात पडली आणि जागेवर नुसता खुंट राहिला.

"तोडला," भुपेंद्र म्हणाला.

"तोडला," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी प्रफुल आला. त्यानं हँडहेल्ड गोंदियाला दुकानात नेऊन दाखवला. भाग मागवावा लागेल असं दुकानदार म्हणाला. घरी येऊन त्यानं दोघांना समोर उभं केलं, लहान पोरांना करतात तसं.

"कोणी तोडला?"

"तिनं," भुपेंद्र म्हणाला.

"दोघायनं," धुरपताबाई म्हणाली.

"मी सोडला नाई, त्यायनं ओढला," पुष्पांजली म्हणाली. "आन त्याच्या आधी काय झालं ते मी तुमाले फोनवर सांगितलं होतं."

प्रफुलनं तिच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. न्याय करायला लागेल तेवढी ताकद त्याच्या अंगात उरली नव्हती. "मी भाग मागवत नाई," तो म्हणाला. "असाच राहू द्या. कोणीच खेळू नोका." त्यानं हँडहेल्ड कपाटावर टाकला आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघून गेला.

सोमवारी दुपारी तिनं तो कपाटावरून उतरवला.

सेटिंग अजून "भूप"च होती; गेम चालू केला तर माणूस आपोआपच चालायला लागला. तुटलेला खुंट आत कुठेतरी टेकलेला होता आणि यंत्राला वाटत होतं की कुणी स्टिक ढकलून धरली आहे. मग सेटिंगमध्ये जाऊन तिनं अर्धवट राहिलेली "पुष्पा" पुरी भरली आणि तिच्यात डावी स्टिक पूर्ण बंद करून टाकली. चालणं उजव्या स्टिकवर तिचं आधीच होतं, ते शाबूत होतं. प्रश्न नेमाचा होता.

स्टिकच्या खाली बोट फिरवायचा एक चौकोनी पट्टा होता. तिनं नेम त्यावर टाकला, पण अंगठा घसरायचा. मग खाली खाली जाताना तिला एक ओळ दिसली, जिच्याकडे तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं: हँडहेल्ड कलता केला की नेम कलेल. ती चालू केली. आता श्वास घेतला तरी नेम हलायचा. मग तिनं अशी सोय केली की डावा अंगठा पट्ट्यावर टेकलेला असेल तेवढ्यापुरताच कल मोजला जावा, उचलला की नेम जागच्या जागी थांबावा. मोठं वळण पट्ट्यावर अंगठा घासून, बारीक नेम मनगटानं. चाप डावाच. पहिले काही दिवस मनगट दुखलं, मैदानातले पुतळे हसल्यासारखे उभे राहिले. मग एका दुपारी ते पडायला लागले, आणि आधीपेक्षा लवकर पडायला लागले.

भुपेंद्रला आठवड्यानं पत्ता लागला. त्यानं मुकाट्यानं हँडहेल्ड उचलला, स्वतःची सेटिंग लावली. त्याचा माणूस भिंतीत जाऊन चालत राहिला. त्यानं चाल उजव्या स्टिकवर घेऊन पाहिली, नेम पट्ट्यावर, कलावर. त्याचे अंगठे आपापलं नवं काम विसरत होते. तो आपल्याच पायात अडखळत होता, भिंतीला धडकत होता, आभाळ बघत होता. पुष्पांजली दारात उभी राहून बघत होती. तिनं मदत केली नाही, हसलीही नाही. तो अर्धा तास झटला. मग त्यानं हँडहेल्ड गादीवर फेकला आणि तिच्या अंगाला घासून बाहेर गेला.

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नाही. त्याचं जे असेल ते आईमार्फत.

"तिले म्हनाव, माझा पांढरा शर्ट कोठी आहे?"

"पुष्पा, शर्ट विचारून राहिला."

"दोरीवर आहे म्हना."

दोघं एकाच ओसरीवर, हातभर अंतरावर असतात. धुरपताबाई मधे बसून इकडचं तिकडं करते आणि मधूनच दोघांनाही शिव्या घालते. लीलाधरनं एकदा निरोप पाठवला होता, रविवारी माणूस कमी आहे, वैनी येईल का. निरोप भुपेंद्रनं पोचवला नाही; तिला तो लीलाधरच्या बायकोकडून बाजारात कळला. ती "नाई" म्हणाली. पुढं भुपेंद्रनंच टोळी सोडली, की टोळीनं त्याला, ते तिनं विचारलं नाही.

"मिटवून टाका व हे," एका दुपारी सासू म्हणाली. "तो बी कुढते, तू बी."

"मी नाई कुढत, आई."

धुरपताबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. सून खरंच कुढत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो एखाद्या वापरातल्या भांड्यासारखा, रोज घासून लख्ख ठेवलेला.

"मंग काय करतेस?"

"खेळते," पुष्पांजली म्हणाली, आणि डावा अंगठा पट्ट्यावर टेकवला.