हौदावरचा फेस

मुकादम धुळाप्पानं एरंडेलाचा डबा केराबाईच्या हातात दिला, आणि काठावर फेस उपसणाऱ्या मायाक्काचं सूप तिथंच थांबलं.

"काय गं मायाक्का, सूप वाळत घातलंस व्हय?" धुळाप्पा म्हणाला. "फेस काय तुजी वाट बघतोय का?"

गिरणीच्या रंगखात्यातलं साबणाचं, खाराचं पाणी या हौदात साचे आणि मग पुढं ओढ्याला जाई. वरून पडताना ते असा फेस धरी की वारा सुटला की त्याचे गोळे उडून वाळत घातलेल्या सुतावर बसत. म्हणून सहा बायका दिवसभर सुपानं फेस उपसत. नव्या केमिस्ट साहेबाला हे पटत नव्हतं. त्यानं आधी रॉकेल ओतून पाहिलं. फेस बसला, पण ओढ्याकाठच्या भाजीवाल्यांनी गिरणीच्या दारात येऊन ओरडा केला. मग शेंगतेल झालं. ते थोडा वेळ टिकलं आणि खारात मिसळून त्याचाच साबण झाला, फेस दुप्पट. टर्पेंटाइनच्या वासानं तर उपसणाऱ्यांतल्या फुलाबाईला भोवळ आली. तिनंच मग साहेबाचं नाव 'फेससाहेब' ठेवलं.

"आज एरंडेल," साहेब वहीत लिहीत म्हणाला. "ही बाई सांगते, गुऱ्हाळात काहील उतू जायला लागली की हेच टाकतात."

मायाक्कानं केराबाईकडं पाहिलं. केराबाई डब्याकडं पाहत होती.

केराबाईनं जन्मात गुऱ्हाळ पाहिलं नव्हतं. तिचं माहेर होटगीचं, बाप रेल्वेच्या रुळांवर खडी टाकणारा. गुळव्या होता तो मायाक्काचा बाप, मोडनिंबला. दहा दिवसांमागं, दुपारच्या सुट्टीत, लिंबाखाली बसून मायाक्कानंच हसत हसत तिला सांगितलं होतं. तेव्हा केराबाईच्या मांडीवर मायाक्काचा बिरू पीत होता. तापात मायाक्काचं दूध आटलं, तेव्हापासून दोन महिने केराबाई आधी आपल्या पोरीला घेई, मग बिरूला.

"साहेब उगं घाम गाळतोय," मायाक्का म्हणाली होती. "माजा बा जरासं एरंडेल टाकायचा, की काहील गप."

"खरं म्हनतीस?"

"व्हय. पर कुटं बोलू नगंस. फेस हाय म्हनून आपुन हितं हाय."

"माज्या पोरीची आन," केराबाई म्हणाली होती, आणि बिरूच्या हनुवटीवरचं दूध पदरानं टिपलं होतं.

फेस गेला तर बायका रिळखात्यात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं पोर आत न्यायला मनाई. हौदावरच्या बायकांना निदान लिंबाला झोळी बांधता येई. रिळखात्यातल्या बायका सकाळी पोराच्या जिभेवर मोहरीएवढी अफू ठेवत आणि खोलीला कडी घालून कामावर येत. मागल्या उन्हाळ्यात गिरिजाबाईचं पोर संध्याकाळी उठलंच नव्हतं.

"तेल टाकायला एक बाई हितं ठिवनार हाय म्हनं," फुलाबाई सूप झटकत पुटपुटली. "एकच. आमी पाच जनी एरंडेल प्याल्यावानी तोंडं करून बगत बसायचं."

केराबाईनं डबा तिरका केला. तेलाची दाट धार फेसावर पडली आणि पसरत गेली. पांढरा ढीग मधोमध खचला, मग कडेनं, आणि हौदातलं तांबडं पाणी उघडं दिसलं. साहेबानं खिशातून घड्याळ काढलं. धुळाप्पा म्हणाला, "वा रं केराबाय!"

मायाक्काचे डोळे पाण्यावरून हलेनात. सुपाची कड तिच्या तळव्यात रुतली होती. कोपऱ्यात बोराएवढा बुडबुडा आला. फुटला. त्याच्या जागी चार आले.

बाप एरंडेल कधी नुसतं टाकत नसे. चुन्याच्या निवळीत घोटून टाके. गुळव्यानं आपली शेवटची खूण लेकालाही सांगू नये, मरताना सांगावी, असं तो म्हणे. ती त्याच्या कडेवर बसून पाहायची म्हणून तिला ठाऊक. केराबाईला सांगताना ती निवळी काही तिनं ठरवून लपवली नव्हती. जीभ तिथं आपोआप थांबली होती.

केराबाईनं पुन्हा तेल ओतलं. मग आणखी. घटकाभरात फेस पुन्हा काठाला लागला.

"काहिलीत याच्या जोडीला आणखी काही घालतात का?" साहेबानं विचारलं.

केराबाईनं मान वळवली. तिचे डोळे थेट मायाक्कावर आले आणि तिथंच राहिले. मायाक्का खाली वाकली आणि सूपभर फेस उपसून तिनं काठापलीकडं टाकला.

"न्हाय साहेब," केराबाई म्हणाली. "येवढंच."

साहेबानं वहीत रेघ मारली. मुंबईहून काहीतरी मागवावं लागेल, असं म्हणत तो धुळाप्पाला घेऊन निघून गेला. फुलाबाई फिदीफिदी हसली, "चला गं बायांनो, उपसा!" आणि पाच सुपं एकदम हलली.

दुपारच्या सुट्टीत केराबाई लिंबाखाली आली. मायाक्का भाकरी मोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"काय ऱ्हायलं व्हतं सांगायचं?" केराबाईनं विचारलं.

"तुला कशाला? साहेबाला जाऊन सांगाया?"

"सांगितलं मी. जागा एकच व्हती. माजी बी पोर न्हानीच हाय की."

"आन घेतली व्हतीस तिची."

"घेतली व्हती. मोडली." केराबाईचा आवाज वाढला नाही. "पर मी मोडायच्या आदी, हितंच बसून, तू मला अर्दंच सांगितलं व्हतंस. तवा मी काय केलं व्हतं तुजं?"

मायाक्कानं मोडलेली भाकरी फडक्यात गुंडाळली.

"तुज्या बिरूला मी कदी अर्दं पाजलं का गं?"

झोळीत बिरू कुरकुरला आणि मग तोंड वासून रडायला लागला. मायाक्का उठू पाहत होती, पण बसूनच राहिली. केराबाईनं त्याला झोळीतून काढलं. रोज ती मायाक्काच्या समोर बसे, पोराच्या टाळूवरून दोघींचे हात फिरत. आज ती झाडाच्या पलीकडं, भिंतीकडं तोंड करून बसली.

थोड्या वेळानं रडणं थांबलं. केराबाईनं परत आणून दिलं तेव्हा पोर झोपलेलं होतं. मायाक्कानं त्याला खांद्यावर घेतलं, पोटाला हात लावून पाहिलं. पोट भरून झोपलंय की रडून दमून, ते तिला कळेना.

केराबाई समोरच उभी होती. मायाक्कानं विचारलं नाही.