गोड लागलेला रंग

आमच्या मजल्यावर मला कवडीचुंबक म्हणतात आणि ते काही खोटं नाही. दिवस गेल्याचं कळल्यापासून तर मी घरातली एक चिंधीसुद्धा बाहेर जाऊ दिली नव्हती. जुन्या चादरी फाडून लंगोट शिवले. माझा एक स्वेटर उसवून त्याच लोकरीचं टोपडं विणलं, त्याची नाडी उशीच्या अभ्र्याची. शेजारीण म्हणाली, "अगं, पहिलटकरीण तू, थोडी हौस कर की." मी म्हटलं, "हौसेला मोल नसतं म्हणतात, पण दुकानदार घेतोच."

मी घरी बसून काज-बटणांचं काम करते आणि आमचे हे रंगारी. एका ठेकेदाराकडे असतात. जुन्या इमारतींचा रंग खरवडायचा, भिंत घासायची, मग नवा हात द्यायचा. दर शनिवारी हे पगाराशिवाय एखादी नोट आणून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. "ओव्हरटाइम," एवढंच म्हणायचे. तो डबा बाळाचा. थेंबे थेंबे तळे साचे, मी मनात म्हणायचे आणि झाकण घट्ट लावायचे.

फक्त हल्ली यांना जेवण जात नव्हतं. पोटात कळ यायची, तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणायचे, संध्याकाळी डोकं धरून बसायचे. "दिवस मला गेलेत आणि डोहाळे तुम्हाला लागलेत," मी चिडवायचे. हे हसायचे. ही गंमत मी सगळ्या मजल्याला सांगून झाले होते.

सातव्या महिन्यात वन्सं बाळाची खाट घेऊन आल्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. खाट लाकडी, चारी बाजूंना कठडा, अंगावर हिरव्या रंगाचे थरावर थर. वन्सं आणि हे, दोघंही त्यातच वाढलेले. कठड्यावर एका जागी बारीक बारीक खाचा होत्या. वन्सं त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "हे तुझ्या नवऱ्याचे दात. दात येत होते तेव्हा दिवसभर हाच कठडा चावत बसायचा."

मला ते इतकं गोड वाटलं की काय सांगू. शिवाय फुकट ते पौष्टिक. रंगाला भेगा पडल्या होत्या, कोपऱ्यांतून पोपडे निघत होते, पण रंगाऱ्याच्या घरात रंगाची कसली चिंता? हे म्हणाले, "राहू दे तशीच. सवडीने मी बघतो." पण सवड कुठली मिळायला. घरी आले की पोट धरून आडवे व्हायचे.

मग मीच ठरवलं. रंगाऱ्याची बायको मी, घासकाम मला काय नवीन? यांच्या थैलीतून पॉलिश पेपर काढला आणि हे कामावर गेले की दुपारी खाट घासायला बसू लागले. खाली शेजारणीचे कपडे वाळत असायचे, त्यावर धूळ नको म्हणून खिडकी लावून घ्यायचे. धूळ बारीक, पिठासारखी. हातावर, केसांवर, ओठांवर. झाल्यावर झाडून घ्यायचे आणि खाटेवर चादर टाकून ठेवायचे. चार-पाच दुपारी असं चाललं. यांच्या दातांच्या खुणा तेवढ्या मी घासल्या नाहीत. त्या राहू द्याव्यात असं वाटलं.

त्या दिवशी हे लवकर आले. दार उघडलं तेव्हा माझ्या हातात पॉलिश पेपर होता आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. मला वाटलं, शाबासकी मिळेल. यांनी खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उठ," म्हणाले. "श्वास सावकाश घे. बाहेर चल." मला दंडाला धरून बाहेर नेलं, नळावर तोंड धुवायला लावलं, चुळा भरायला लावल्या. एक झाली की म्हणायचे, "आणखी."

"झालं तरी काय?"

"ओठांना लागली होती का धूळ?"

"लागली असेल."

"गोड लागली का?"

गोड लागली होती. मी जिभेने ओठ पुसले होते आणि बाळाला गोड खावंसं वाटतंय असा विनोद स्वतःशीच केला होता. मी मान हलवली. हे तिथेच पायरीवर बसले.

मग सांगितलं. जुन्या रंगात शिसं असायचं, तेच जिभेला गोड लागतं. घासलं की ते धुळीतून अंगात जातं, रक्तात भिनतं, पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या तर डोक्यावर परिणाम करतं. यांना काम शिकवणारा उस्ताद जन्मभर कोरडा रंग घासत आला. शेवटी त्याचं मनगट लुळं पडलं, चहाचा कप धरवेना.

"हे मला कधी बोलला नाहीत."

"तू घाबरली असतीस."

बाळ तेव्हा नेमकं हललं, आणि आजवर ज्याने मी सुखावायचे त्याच हालचालीने मला घाम फुटला. ते का हललं, त्याला काही होतंय का, असं वाटलं. मी स्वतःच्या हातांनी, खिडकी लावून, हौसेने ते विष दळत बसले होते. नवी खाट घेतली असती तर बिस्किटांचा डबा थोडा रिकामा झाला असता, एवढंच.

यांनी ओल्या फडक्याने सगळं घर पुसलं, खाट प्लास्टिकमध्ये गुंडाळून जिन्याखाली नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझं रक्त घ्यायला सांगितलं आणि मग यांच्याकडे वळल्या. "तुम्ही हेच काम करता ना? तुमचंही देऊन टाका."

"माझं कशाला?" हे म्हणाले. "मला काय धाड भरलीय. उगाच डबल खर्च."

हे ऐकून एरवी मी खूश झाले असते. त्या दिवशी मी बाही धरून यांना रक्त घेणाऱ्या बाईसमोर बसवलं.

रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. सुई हातात धरली की काज वाकडं जायचं. बाळ हललं तरी भीती, नाही हललं तरी भीती. शेजारच्या दीड वर्षाच्या पोरीला तिच्या आईने हाक मारली आणि ती वळून हसली, तेव्हा मला रडू आलं. माझं मूल वळेल ना? हाक मारली की त्याला कळेल ना? हे रात्री नेहमी माझ्या पोटावर हात ठेवून झोपायचे. त्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत.

रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरीणबाई आधी माझ्याशी बोलल्या. "असायला हवं त्यापेक्षा जास्त आहे, पण फार नाही. बाळाची वाढ चांगली दिसतेय. मी सांगते ती औषधं आणि दूध वेळेवर घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त बघू."

"बाळाला काही होणार नाही ना?"

"धोका कमी आहे. मुळीच नाही असं मी म्हणणार नाही." मग त्यांनी दुसरा कागद उचलला. "मला काळजी यांची आहे. यांचं तुमच्या कितीतरी पट आहे. पोट दुखतं? जेवण जात नाही? तोंडाला कसलीतरी चव येते?"

हे प्रत्येकाला मान हलवत गेले. यांच्या डोहाळ्यांची माझी ती गंमत आठवून माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

"काम करताना तोंडाला काय लावता?"

"रुमाल," हे म्हणाले.

"ठेकेदार मास्क देत नाही?"

"देतो." हे जमिनीकडे पाहत होते. "दर आठवड्याला पाकीट देतो. चांगले असतात, महागातले."

"मग?"

आता हे माझ्याकडे वळले, डॉक्टरीणबाईंकडे नाही. "हार्डवेअरवाला विकत घेतो. शनिवारी."

मला उमजायला एक क्षण लागला. मग बिस्किटांचा डबा डोळ्यांसमोर आला, आणि दर शनिवारी कौतुकाने त्याचं झाकण लावणारी मी. उस्तादाचं मनगट पाहिलेला हा माणूस. इतरांपेक्षा जास्त माहीत असूनही रुमाल बांधून घासत होता, कारण घरी एक कवडीचुंबक बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामाचेच कपडे घालून घरी येता का? कपडे कोण धुतं? मी सांगितलं, मीच, हातांनी. आधी घरातच झटकून घेते. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, घासकाम आजपासून बंद, आणि तुमच्या रक्तातलं शिसं किती खाटेचं, किती कपड्यांचं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

घराच्या दाराशी आल्यावर मी म्हटलं, "तिथेच थांबा." बादली, साबण आणि घरातले धुतलेले कपडे बाहेर आणून दिले. कामाची थैली आणि कपडे पिशवीत भरून गाठ मारली. शेजारीण डोकावून गेली. बघू दे म्हटलं.

आंघोळ करून हे आत आले आणि कॉटच्या कडेला बसले. मी डबा आणून मधे ठेवला.

"काम बंद म्हणजे हे पैसे आता खाण्यातच जाणार," हे म्हणाले. "बाळाचे होते."

"जाऊ देत."

"तुला आनंद व्हायचा. झाकण लावताना तुझा चेहरा..."

मला यांना बोल लावायचा होता, चांगला तोंडभरून. शब्द तयार होते. पण भीती आता एकट्या बाळासाठी नव्हती, यांच्यासाठीही होती. तेवढ्यात बाळ हललं, चांगलं जोरात. मी "आई गं" म्हटलं. सवयीने यांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला. हाताकडे पाहून यांनी तो मागे घेतला, मांडीखाली दाबून ठेवला. तेव्हा मला कळलं, इतके दिवस रात्री यांचं तोंड भिंतीकडे का होतं ते.

मी नखं घासायचा ब्रश आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. यांचा हात ओढून मांडीवर घेतला आणि नखांच्या कडेचा जुना रंग घासू लागले, ओला, साबण लावून, सावकाश. अंगठा झाला, मग पुढचं बोट. पाणी गढूळ झालं की मोरीत ओतून नवीन आणत होते. दोन्ही हात लालभडक झाले तेव्हा मी ते पुसले.

"ठेवा आता," मी म्हटलं.

हे हात उलटेपालटे करून पाहत राहिले. "आणखी एकदा धू," म्हणाले.