दादाला इंग्रजीत काय म्हणायचं?

मौन ही मनुष्याच्या बुद्धीची सर्वोच्च अवस्था आहे, असं माझं ठाम मत आहे. कॉलेजात मी हे मत दरवर्षी मांडतो आणि ते नीट मांडायला मला दोन तास लागतात.

माझा थोरला भाऊ, दादा, या विषयावर कधी काही बोललेला नाही. तो नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या कडेला पडद्याआड स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात छोटा टॉर्च. नट अडला की पुढचा शब्द कुजबुजायचा, नाही अडला तर गप्प बसायचं. जन्मभर त्याने दुसऱ्यांची वाक्यं दुसऱ्यांना दिली. स्वतःची कुठे ठेवली, कुणास ठाऊक. लग्न का केलं नाहीस, असं विचारलं तर म्हणायचा, "राहिलं."

कंपनी बंद झाल्यावर दादा चौथ्या मजल्यावर एकटा राहू लागला. इमारतीला लिफ्ट नाही आणि त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. हळूहळू त्याचं खाली उतरणंच बंद झालं. भाजीची पिशवी दोरीने वर, कचऱ्याची पिशवी दोरीने खाली. मग एकदा आम्ही त्याच्याकडे गेलो असताना मी सहज म्हणालो, की निवृत्त रंगकर्मींच्या निवासात एक खोली रिकामी झाली आहे म्हणे.

"तळमजला आहे," दादा म्हणाला.

चहा संपवून कप विसळून आल्यावर पुन्हा म्हणाला, "खिडकी बागेत उघडते."

एका दिवसात दोन वाक्यं, तीही कुणी न विचारता! बायकोने मला जिन्यातच गाठलं. "भावोजींना ती खोली हवीय. मनापासून हवीय. आता तुम्ही तोंड वाजवण्यापलीकडे काहीतरी करा."

करायचं होतं ते मात्र तोंड वाजवण्याचंच निघालं. निवासाचा नियम असा, की नव्या माणसाची ओळख नातेवाइकाने समितीपुढे उभं राहून करून द्यायची आणि तीही इंग्रजीत. कारण निवासाला पैसे पुरवणाऱ्या बाई परदेशात असतात आणि व्हिडिओ कॉलच्या पडद्यावरून पाहतात. घरात इंग्रजीचा प्राध्यापक असल्याचा फायदा कुणाला तरी होण्याची ही पहिलीच वेळ होती.

अडचण एकच होती. असल्या जागी एकलकोंडा, घुम्या माणूस कोण घेईल? दादा गप्प आहे हे तर लपणार नव्हतं. पण कुठल्या जातीचा गप्प, हे मला ठरवायचं होतं. रात्रीची भाजी निवडता निवडता चर्चा सुरू झाली.

"शाय म्हणा की," बायको म्हणाली.

"शाय माणसाला बोलायचं असतं, पण धीर होत नाही. दादाला धीर आहे. त्याला बोलायचंच नसतं."

"मग टॅसिटर्न?"

"त्याला जरा आंबट वास येतो. टॅसिटर्न माणसाला कुणी रस्त्यात पत्ता विचारत नाही."

"लॅकॉनिक?"

"तो थोडंच बोलतो, पण बोलला की लोक आपापसात टाळ्या देतात. दादा 'राहिलं' म्हणाला तेव्हा कुणी टाळी दिली होती?"

"अहो, मग रेटिसंट तरी!"

"म्हणजे मनातलं बाहेर पडू न देणारा. समिती विचारेल, लपवतोय काय?"

बायकोने हातातली शेंग खाली ठेवली. "माझी आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. जो तो मला धीर देत होता, त्या धीरानेच जीव गेला असता. भावोजी आले, माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसले, अंधार पडल्यावर उठून गेले. एक शब्द नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. याला काय म्हणतात तुमच्या इंग्रजीत?"

मी शेंगा सोलत राहिलो.

"आणि मी इंजिनिअरिंग सोडणार हे काकाला वर्षभर आधी माहीत होतं," आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली.

"काय?"

"गुपित राखणाऱ्याला डिस्क्रीट म्हणतात, बाबा."

शेवटी मी रिझर्व्ह्ड हा शब्द पक्का केला. सभ्य शब्द आहे. दार बंद, पण आत माणूस आहे आणि ओळख झाली की तो दार उघडतो. समितीला बरं वाटेल, अशी माझी अटकळ.

दादाला धरून धरून चार मजले उतरवून निवासात पोचलो तेव्हा जेवणघरात बारा-तेरा म्हातारे नट-नट्या बसले होते आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. प्रत्येक जण आपापल्या गाजलेल्या प्रयोगाबद्दल सांगत होता. दादाला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून आम्ही पाणी आणायला गेलो. परत येऊन पाहतो तर चार खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून सरकल्या होत्या.

समितीत दोघं. अध्यक्ष आयुष्यभर खलनायक रंगवलेले, अजूनही 'या, बसा' म्हणाले तरी माणसाने आधी दार कुठे आहे ते पाहून ठेवावं. शेजारी एक बाई, राण्यांच्या भूमिका करून करून सगळे त्यांना महाराणीच म्हणत. पडद्यावर परदेशातल्या बाई. मी उभा राहिलो आणि खणखणीत इंग्रजीत बोललो. सांगितलं, की माझा भाऊ रिझर्व्ह्ड आहे, पण काळजी नसावी, सहवासाने तो खुलतो.

महाराणींचा चेहरा उतरला. "खुलतो म्हणजे? बोलायला लागतो?"

"हळूहळू. पण लागतो," मी उत्साहाने म्हणालो.

"अगंबाई!"

"प्राध्यापक," खलनायक पुढे झुकून म्हणाले, "बोलायला आम्ही इथे कमी आहोत का? ऐकायला कोण आहे ते सांगा. एक स्वयंपाकी होता, गुणी माणूस. माझा तिसरा अंक ऐकता ऐकता नोकरी सोडून गेला."

"तुमचा पाचव्यांदा ऐकत होता तो," महाराणी म्हणाल्या.

बायकोने टेबलाखालून मला कोपर मारलं. मी घाईघाईने शब्द फिरवला. रिझर्व्ह्ड म्हणजे तसा खुलतो, पण फार नाही; खरं तर रेटिसंटच; तसं पाहिलं तर टॅसिटर्नही म्हणता येईल, अगदी आंबट वासासकट. दादाची खोली माझ्याच तोंडापायी हातची चालली होती आणि ते तोंड काही मिटत नव्हतं. पडद्यावरच्या बाई प्रत्येक शब्दाला मान डोलावत होत्या. त्यांचा आवाज आमच्याकडे येत नव्हता. आमचा त्यांच्याकडे जात होता की नाही, हे कुणी तपासलं नव्हतं.

"तुम्ही बसा," खलनायक मला म्हणाले आणि दादाकडे वळले. "तुम्हीच सांगा. इथे राहून बोलणार का?"

दादाने विचार केला. महाराणी एक हात छातीवर ठेवून होत्या, सवयीने.

"अडलात तर," दादा म्हणाला.

आम्हाला बाहेर पॅसेजमध्ये बसवलं. आतून दोघांचा आवाज येत होता, कोणी कोणाचं ऐकत असावं असं वाटत नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. लहानपणी वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी याच्यासमोर पाठ केली. नोकरीतली भांडणं, मुलीची काळजी, मौनावरचं व्याख्यान, सगळं याच्याच कानांवर. लोक दुधातुपावर वाढतात, मी या माणसाच्या कानांवर वाढलो. आणि आज ते कान तेरा जणांत वाटून टाकायला मीच इंग्रजी झाडत आलो होतो.

"दादा," मी म्हणालो, "आजवर माझं सगळं ऐकून घेतलंस. कधी कंटाळला नाहीस. म्हणजे... उपकार आहेत रे."

"हं," दादा म्हणाला.

"एवढंच का, भावोजी?" बायको डोळे पुसत हसली.

दादाने गुडघ्यावर हात फिरवला. "दुपारी येत जा," तो मला म्हणाला. "बाकीचे तेव्हा झोपतात."

मला एकदम काही बोलता येईना. बायको म्हणते, माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं.

मग दार उघडून खलनायक बाहेर आले आणि त्यांनी दादाच्या हातात किल्ली ठेवली. मी त्यांचे आभार मानले आणि नेमका कुठला शब्द पटला, असं विचारलं.

"अर्ज एकच आला होता," ते म्हणाले.