चकल्याचा पाय

निशाने चकल्याचा पुढचा उजवा पंजा मांडीवर घेतला, टॉर्च लावलेला मोबाइल हनुवटीखाली दाबून धरला आणि बोटांमधली एकेक फट उघडून बघितली. काटा नाही, काच नाही, नख मोडलेलं नाही. चकल्याने तोंडभर जांभई दिली.

“सोड त्याला,” बापूराव खुर्चीवरून म्हणाले. “उगं दाबून दाबून दुखवशील.”

“दुखतंय म्हणूनच दाबतेय ना, मामा! पाय टेकवत नाहीये तो.”

“टेकवतो की. सकाळी टेकवत होता.”

“सकाळी कधी?”

“तू झोपली होतीस.”

या घरात सगळ्यांच्या आधी निशा उठते, हे भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं. निशाने पंजा खाली ठेवला. चकल्या उठला, तीन पायांवर लंगडत बापूरावांच्या खुर्चीखाली गेला आणि तिथे मुटकुळं करून बसला. सासरे आणि कुत्रा दोघेही तिच्याकडे एकाच चेहऱ्याने बघत होते. तिला दोघांचाही राग आला.

कुत्रा मुळात तिचा नव्हताच. मुलाने, संघर्षने, कॉलेजात असताना घराजवळच्या पूनम सागर नाक्यावरून हे पिल्लू उचलून आणलं, शेपटीची कायम चकली म्हणून नाव ठेवलं चकल्या, आणि नोकरी लागल्यावर स्वतः पुण्याला निघून गेला. मागे राहिले केस, वास आणि निशाच्या हातातला झाडू. पण बापूरावांना कुत्र्याचा लळा लागला. रोज संध्याकाळी त्याला घेऊन ते बेव्हर्ली पार्कपर्यंत जात. तिथल्या कट्ट्यावर त्यांच्यासारखेच चार रिटायर्ड जमत, पेपरातल्या बातम्यांवर भांडत. त्या तासाभरासाठी बापूराव दुपारी तीनपासून शर्टाला इस्त्री करत.

आणि आता त्यांचंच लाडकं कुत्रं लंगडत होतं, तर म्हणे डॉक्टर नको!

“मुरगळलाय,” पहिल्या दिवशी ते म्हणाले. “मुका जीव आहे, आपला आपण बरा होतो,” हे दुसऱ्या दिवशी. आज नवीनच.

“हे बघ, मी एवढी वर्षं एसटी चालवली. जालना डेपोत कुणालाही विचार. गाडी चालतीय तोवर तिला गॅरेजचं तोंड दाखवू नये. नसलेली कामं काढतात.”

“तो कुत्रा आहे, मामा. एसटी नाहीये.”

“तत्त्व एकच,” बापूराव म्हणाले.

विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. निशाने कपाळावर हात मारला आणि पीठ मळायला गेली.

रात्री जेवणाच्या वेळी जीवनचा, तिच्या नवऱ्याचा, नाशिकहून फोन आला. कंपनीच्या कामाला गेलेला तो अजून आठवडाभर तिथेच असणार होता. कुत्र्याचं ऐकताच त्याचा आवाज चढला.

“बाबांना घेऊन पडला की काय कुठे? नीट विचार त्यांना.”

“विचारलं. नाही म्हणतात.”

“मागच्या वेळी पण नाहीच म्हणत होते. अगं, रस्त्यावरून उचलून आणलं होतं लोकांनी. मी तेव्हाच सांगितलंय, आता परत पडले तर बाहेर जाणं बंद. सरळ जालन्याला दादाकडे. तिथे अंगण आहे, बसतील खाटेवर. मला हे टेन्शन नको.”

निशाने फोन कानाला घट्ट दाबला, पण जीवनचा आवाज असा की शेजारच्या शहाबेननाही कळावं. बापूराव मान खाली घालून भात कालवत राहिले. जालन्याचं अंगण त्यांना माहीत होतं. थोरल्याच्या घरी त्यांच्याशी बोलायला टीव्हीशिवाय कुणी नव्हतं.

सकाळी चकल्या सोफ्यावर चढायला गेला आणि असा केकाटला की निशाच्या हातातलं पातेलं सुटलं. बस झालं! तिने ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुत्र्याला जुन्या चादरीत गुंडाळलं.

“उद्या बघू,” बापूराव दारात आडवे उभे राहिले. “उद्या मीच नेतो.”

“तुमचा उद्या मला माहितीये. सरका.”

“निशा, ऐक माझं. डॉक्टर काहीबाही विचारतात.”

“विचारू देत. फी कशाची घेतात मग?”

ते सरकले, पण सावकाश, दाराची कडी धरून.

लिफ्टपासून नाक्यापर्यंत फुकटचे डॉक्टर भेटतच गेले. शहाबेन म्हणाल्या, मिठाच्या पाण्याने शेका. वॉचमन म्हणाला, “मॅडम, हल्दी बांधो, दो दिन में दौडेगा.” रिक्षावाले मात्र कुत्रा बघताच मान फिरवायचे. चौथा थांबला.

“सीट खराब करेगा, मॅडम.”

“भैया, सीट पे नहीं, मेरी गोदी में बैठेगा. अभी चलो, मेरा दिमाग खराब मत करो.”

दिमाग आधीच खराब आहे हे त्याला दिसलं असावं. त्याने गुपचूप मीटर टाकलं.

डॉक्टर मृणालिनी तरुण होती आणि घाईत नव्हती. चकल्याला टेबलावर उभं करून तिने निशाचं सगळं ऐकून घेतलं. मग पंजाकडे न बघता हात वर वर नेला. खांद्यापाशी बोटं पोहोचताच चकल्या कळवळला.

“पंजाला काही नाहीये. मार इथे आहे, आणि खालच्या बरगड्यांना. मोडलेलं वाटत नाही, तरी एक्स-रे काढू. वरून काहीतरी जड पडलंय याच्यावर.”

“घरात तर काही पडलं नाही.”

डॉक्टर वाकली, खांद्याचे केस बाजूला करून तिने वास घेतला. “बाम कुणी लावला?”

“बाम?”

“माणसांचा. असं करू नका हं, चाटला तर विषबाधा होते त्यांना. पण ज्याने लावलाय त्याने जागा मात्र बरोब्बर हेरलीये. त्याला माहीत होतं कुठे लागलंय ते.”

निशाने नाक खाली नेलं. ओळखीचा वास होता. गेले तीन दिवस सगळ्या घराला तो येत होता आणि म्हाताऱ्या माणसाचं अंग दुखतच असतं म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. आता एकेक आठवायला लागलं. बुद्धाच्या फोटोपुढे रोज मांडी घालून बसणाऱ्या बापूरावांनी कालपरवा वंदना उभ्यानेच केली होती. जेवायलाही ते खाली बसले नव्हते, ताट खुर्चीवर मागून घेतलं होतं. कट्ट्यावर म्हणे भजी जास्त झाली होती, म्हणून पोट अवघडलं होतं. भजी!

“नशीब पडणाऱ्याचं,” डॉक्टर हातमोजे काढत म्हणाली. “हाच भार थेट फरशीवर आदळला असता तर...” आणि निशाच्या चेहऱ्याकडे बघून एक्स-रेच्या तयारीला वळली.

एक्स-रेत मोडलेलं काही निघालं नाही. इंजेक्शन, गोळ्या, पंधरा दिवस आराम. परतीच्या रिक्षात निशाला इतका संताप आला होता की ती कुत्र्यालाच बोलत होती. “आणि तू रे? तू पण त्यांच्याच पार्टीत!” चकल्याने तिचा अंगठा चाटला.

दार उघडून बापूराव बाजूला झाले. “काय म्हणाली डॉक्टरीण?”

“खूप काही म्हणाली.” निशाने चकल्याला गादीवर ठेवलं. “बाम लावू नका म्हणाली. विष असतं कुत्र्यांना.”

बापूरावांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते काही बोलणार तोच निशाचा फोन वाजला. जीवन.

“नेलंस? काय झालंय त्याला?”

“खांद्याला मार आहे. मोडलेलं नाही.”

“मार? मार कसा लागला? बाबा पडले ना? खरं सांग निशा, मी आत्ता दादाला फोन लावतो.”

बापूरावांनी भिंत धरली. त्यांनी घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“मी पडले,” निशा म्हणाली.

“तू?”

“हो, मी. ओट्यापाशी तेल सांडलं होतं, घसरले, तो पायात होता. त्याच्यावरच आदळले.”

“कमाल आहे! मग तीन दिवस सांगितलं का नाहीस? बघून चालता येत नाही का तुला? कुत्र्याचं एक, तुला काही झालं असतं म्हणजे?”

“हो.”

“हो काय हो? घर सांभाळता येत नाही एक धड!”

“बरं. ठेवते आता.”

तिने फोन ओट्यावर आपटला. आयुष्यात एवढं बोलणं तिने उलट न बोलता कधी ऐकून घेतलं नव्हतं, आणि त्यासाठीही तिला राग बापूरावांचाच येत होता.

“पोरी,” बापूराव म्हणाले, “तू कशाला...”

“एक शब्द बोलू नका. बसा. पायजमा वर करा.”

ते बसले. त्यांनी डावा पायजमा गुडघ्यापर्यंत नेला. गुडघा स्वच्छ होता.

“दुसरा.”

बापूरावांनी खिडकीबाहेर बघत दुसरा वर केला. सुजून काळानिळा पडलेला गुडघा निशाने बघितला. मग तिने पुन्हा चपला पायात घातल्या आणि त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

“कुठं?” ते म्हणाले.

“रिक्षा सोडलेली नाही मी. खाली उभी आहे.”